शेताला पाइप नसतो: खताने बिघडणाऱ्या पाण्यावर नियम कशाला लावायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कारखान्याच्या सांडपाण्याला मर्यादा असते, ती ओलांडली की दंड होतो. मग शेतातलं खत वाहून नदी, तळी, विहिरी बिघडतात तेव्हा शेतकऱ्याला तोच न्याय का नाही? हेक्टरी इतक्या किलोच्या वर खत टाकायचं नाही, असा एक आकडा कायद्याने ठरवून टाकला तर भागणार नाही का? आणि तसं केलं तर पाणी सुधारायला किती वर्षं लागतील?

प्रश्न तीन दिसतात, पण तिन्हींची अडचण एकच आहे. शेताला पाइप नसतो. कारखान्याच्या पाइपाच्या तोंडाशी बाटली धरता येते. शेतातलं पाणी बांधाच्या फटीतून निघतं, ओघळीतून निघतं आणि बऱ्याचदा जमिनीच्या पोटातून, कुणाच्या नजरेला न पडता निघतं. ते विहिरीत पोचेपर्यंत दहा शेतांचं पाणी एकमेकांत मिसळलेलं असतं आणि मधे कधीकधी वीस वर्षं उलटलेली असतात. त्यात कुठल्या शेतकऱ्याचं किती, हे सांगणारी चाचणी नाही.

मी पंचवीसेक वर्षं याच कामात आहे. सुरुवातीला शेतकऱ्यांच्या बाजूने खतनियोजनाची पत्रकं भरून द्यायचो, नंतर तीच पत्रकं तपासणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसलो. त्यामुळे पळवाटा दोन्हीकडच्या माहीत आहेत. काही मीच शोधून दिलेल्या आहेत, हेही कबूल करतो.

पाइप नसण्याची अडचण किती खोल आहे ते अमेरिकेत दिसतं. तिथल्या 1972च्या स्वच्छ पाणी कायद्याने कारखाने आणि शहरांची सांडपाणी केंद्रं परवान्याखाली आणली. मोठे बंदिस्त पशुपालन गोठेही त्यात आले. पण सिंचनाचं परतीचं पाणी आणि पावसाने शेतातून वाहणारं पाणी पुढच्या दुरुस्त्यांनी परवान्यातून वगळलं गेलं. 2015 मध्ये आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने वरच्या भागातल्या निचरा मंडळांवर (शेतांतलं जादा पाणी काढून देणाऱ्या स्थानिक संस्थांवर) दावा लावला. त्यांचा मुद्दा बिनतोड वाटत होता: शेताखाली निचऱ्याचे पाइप घातलेले आहेत, म्हणजे इथे तरी पाइप आहे की! 2017 मध्ये दावा फेटाळला गेला, तोही या मंडळांना नायट्रेट, म्हणजे खतातल्या नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप, आवरण्याचे अधिकारच नाहीत अशा कारणावर. निचऱ्याचा पाइप कायद्याच्या लेखी पाइप की शेत, हा मूळ प्रश्न तसाच राहिला.

आता थोडं गणित, कारण याच्याशिवाय पुढचं पटणार नाही. समजा एका हेक्टरातून वर्षाला 200 मिलिमीटर पाणी मुळांच्या खाली निचरतं. म्हणजे 20 लाख लिटर. पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटसाठी जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा लिटरला 50 मिलिग्राम आहे. गुणाकार केला की 100 किलो नायट्रेट होतं आणि त्यातलं नत्र (नायट्रोजन) साधारण 23 किलो. 50 किलो युरियात एवढंच नत्र असतं. म्हणजे अख्ख्या वर्षात हेक्टरमागे 50 किलो युरियाइतकं नत्र खाली गेलं की त्या शेताखाली निचरणारं पाणी मर्यादेवर येऊन ठेपतं. पिकाच्या अंगावर ही तूट दिसत नाही आणि खताच्या खर्चातही ती खुपत नाही. स्फुरदाचं (फॉस्फरसचं) तर विचारूच नका. तळ्याच्या पाण्यात लिटरला 0.1 मिलिग्राम स्फुरद असला तरी शेवाळाची चंगळ होते. त्याच 200 मिलिमीटरच्या हिशेबाने तो हेक्टरी 200 ग्रॅम भरतो. ओंजळभर! शेतकरी निष्काळजी आहे म्हणून पाणी बिघडतं, असं मी सहसा म्हणत नाही ते यासाठी. बऱ्यापैकी काळजी घेणाऱ्याच्याही हातून एवढं निसटतं.

(एक जाता जाता. अहवाल वाचताना एकक बघा. अमेरिकेची मर्यादा 10 आणि युरोपची 50 असं वाचून पुष्कळ जण अमेरिका पाचपट कडक आहे असं समजतात. ते 10 नत्र म्हणून मोजलेलं असतं आणि 50 नायट्रेट म्हणून. 10ला 4.43ने गुणलं की 44 येतं. भारतीय मानकातली 45ची मर्यादाही त्याच्या शेजारचीच. एकदा एका बैठकीत दोन तज्ज्ञ तासभर भांडले आणि शेवटी कळलं की दोघांच्या हातात एकाच विहिरीचा अहवाल होता.)

एका आकड्याने का भागत नाही, याचं पहिलं कारण नत्र आणि स्फुरद यांचे स्वभाव. नायट्रेट मातीला चिकटत नाही. मातीच्या कणांवर ऋण भार, नायट्रेटवरही ऋण भार; पाणी जाईल तिकडे ते जातं, म्हणजे मुख्यतः खाली. स्फुरद लोह, अॅल्युमिनियम, चुना यांना घट्ट धरून बसतो आणि माती वाहिली की मातीबरोबर जातो, म्हणजे मुख्यतः उतारावरून. नत्राचा नियम वेळेभोवती फिरतो, स्फुरदाचा जागेभोवती. शेणखतात तर दोन्ही एकत्र येतात आणि पिकाला लागणाऱ्या प्रमाणात येत नाहीत. पिकाच्या नत्राची गरज शेणखतानेच भागवायची ठरवली तर स्फुरद गरजेपेक्षा जास्त पडतो, दरवर्षी पडतो आणि मातीत साठत जातो.

दुसरं कारण मी डोळ्यांनी पाहिलंय. शेजारीशेजारी दोन शेतं, दोन्हींखाली निचऱ्याचे पाइप, पीक एकच, पत्रकावर खताची मात्राही एकच. मोठा पाऊस होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी चरात उतरून दोन्ही पाइपांच्या तोंडाशी नायट्रेटची पट्टी धरली. एक पट्टी फिकट गुलाबी झाली. दुसरी मी बाहेर काढेपर्यंत गडद जांभळी. पहिल्याने खत तीन हप्त्यांत, वाफसा बघून दिलं होतं. दुसऱ्याने मजूर मिळाले त्या दिवशी सगळं एकदम टाकलं होतं, आणि नंतर चार दिवसांनी आभाळ फाटलं. किलोंचा नियम दोघांनीही पाळला होता.

म्हणून न्यूझीलंडने 2021 मध्ये कुरणांसाठी हेक्टरी 190 किलो कृत्रिम नत्राची कमाल मर्यादा आणली तेव्हा माझं मत असं होतं की टोकाचा वापर करणाऱ्यांना आवर घालायला हे बरं आहे, पण गळती तेवढ्याने मोजली जाणार नाही. चरणाऱ्या गाईने जिथे मूत्र केलं त्या वीतभर जागेत, हेक्टरच्या हिशेबात मांडलं तर, कित्येकशे किलो नत्र एका क्षणात पडतं. तेवढं तिथलं गवत उचलू शकत नाही. ती गळती खताच्या पावतीवर कुठे दिसणार?

मग नियम लावायचा कशाला? माझी स्वतःची कसोटी साधी आहे. जी गोष्ट शेतकऱ्याला सकाळी ठरवता येते आणि तपासनिसाला दुपारी जाऊन बघता येते, तिला लावायचा. नदीतला नायट्रेट शेतकऱ्याला सकाळी ठरवता येत नाही. खत आज टाकायचं की नाही, काठापासून किती लांब टाकायचं, शेणाचा साठा कुठे करायचा, पीक काढल्यावर जमीन उघडी ठेवायची की काही पेरायचं, हे त्याच्या हातातलं आहे.

युरोपच्या 1991च्या नायट्रेट निर्देशाची रचना बऱ्याच अंशी अशीच आहे. ज्या भागात पाणी 50 मिलिग्रामच्या वर गेलंय किंवा जाण्याच्या बेतात आहे ते भाग आधी ठरवायचे. तिथे खत टाकायला बंदीचा काळ, उतारावरचे आणि पाण्याकाठचे नियम, गोठलेल्या, बर्फाच्छादित किंवा पाणी तुंबलेल्या जमिनीवर काय चालेल काय नाही याचे नियम, शेणखताच्या साठवणीची किमान क्षमता, आणि जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला 170 किलो नत्राची मर्यादा. लोक या शेवटच्या 170वरच भांडतात. माझ्या मते खरं काम साठवणीची अट करते.

बंदीच्या काळात गाई शेण घालायच्या थांबत नाहीत. एका शेतकऱ्याकडे मी बंदी सुटायच्या तीन आठवडे आधी गेलो होतो. शेणाची रबडी साठवायची त्याची टाकी काठोकाठ भरलेली, वर साय धरलेली, आणि एका कोपऱ्यातून बारीक धार चराकडे निघालेली. तो म्हणाला, "साहेब, टाकलं तर दंड, नाही टाकलं तर हे आपलं आपण जाणार. सांगा, कुठला गुन्हा करू?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियम लिहिणाऱ्यांनी बंदीच्या तारखा छापल्या होत्या, टाकी मोठी करायला पैसे आणि मुदत द्यायचं राहून गेलं होतं. आणि अशा ठिकाणी बंदी सुटते त्या दिवशी काय होतं, तेही मी पाहिलंय. सगळ्यांच्या टाक्या एकदम उपसल्या जातात, जमीन ओली असो की कोरडी. तेव्हा साठवण आधी, तारखा नंतर. हा क्रम उलटा झालेला नियम मी तरी कुठे नीट चाललेला पाहिला नाही.

काठावरच्या गवताच्या पट्ट्याचंही थोडं सांगतो, कारण नियम करणाऱ्यांचा तो लाडका आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने 2015 मध्ये सार्वजनिक जलाशय आणि ओढ्यांकाठी सरासरी 50 फुटांचा पट्टा सक्तीचा केला. तपासायला याच्याइतकं सोपं काही नाही. पट्टा आहे की नाही ते आकाशातून काढलेल्या चित्रातही दिसतं. मातीबरोबर वाहणारा स्फुरद अडवायला तो चांगला. पण शेताखाली निचऱ्याचे पाइप असतील तर नायट्रेट पट्ट्याखालून थेट ओढ्यात उतरतं. तिथे पट्टा वरून हिरवागार आणि खालून नळ उघडा.

हिशेब ठेवायला लावणं हा दुसरा मार्ग. शेतात नत्र-स्फुरद आलं किती, धान्य-दूध-मांसातून गेलं किती, उरलं किती. हॉलंडने 1998 मध्ये मिनास नावाची अशी पद्धत आणली. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शिल्लक राहिली की आकारणी. कल्पना म्हणून मला ती आजही आवडते, कारण कसं कमी करायचं ते शेतकऱ्यावर सोडलेलं होतं. पण 2003 मध्ये युरोपीय न्यायालयाने ही पद्धत नायट्रेट निर्देशात बसत नाही असा निकाल दिला आणि 2006 पासून हॉलंड टाकायच्या मात्रेच्या मर्यादांकडे वळलं. शिवाय हिशेब कागदावर असतो. पत्रकं भरून देत होतो तेव्हाचं सांगतो: जनावरांची संख्या, खताच्या पावत्या, शेजाऱ्याला "दिलेलं" शेणखत, यातला शेवटचा रकाना सगळ्यात लवचीक. तो शेजाऱ्याच्या पत्रकाशी ताडून बघितला नाही तर हिशेब नेहमीच जुळतो.

डेन्मार्कने 1987च्या आराखड्यापासून पुढे जवळजवळ सगळीच हत्यारं एकदम वापरली: सक्तीचं खतनियोजन आणि हिशेब, साठवण, पीक काढल्यावर उरलेलं नत्र उचलणारी पिकं, आणि नंतर पिकाच्या आर्थिक गरजेपेक्षाही कमी ठेवलेली नत्राची मर्यादा. समुद्राला जाणारं नत्र सुमारे निम्म्यावर आलं. एवढं यश दुसरीकडे क्वचितच मिळालं असेल. पण गरजेपेक्षा कमी मर्यादेवर शेतकऱ्यांचा राग साठत गेला, गव्हातलं प्रथिन घटल्याच्या तक्रारी आल्या, आणि 2015च्या अखेरीस ती मर्यादा सैल करायचं ठरलं. मी यातून घेतो ते एवढंच की वाया जाणारं खत थांबवायला शेतकरी कुरकुरत का होईना तयार होतो. पिकाच्या तोंडचं काढून घेतलं की त्याची भरपाई मागतो, आणि ती मागणी मला चुकीची वाटत नाही.

ईरी सरोवराची गोष्ट मी प्रत्येक नव्या तपासनिसाला सांगतो. अमेरिका-कॅनडाच्या 1972च्या करारानंतर शहरांचं सांडपाणी आणि कपड्यांच्या साबणातला स्फुरद कमी केला गेला आणि सरोवर सावरलं. शेतांची धूप थांबावी म्हणून नांगरट कमी करण्याचा प्रसार झाला, तोही यशस्वी झाला. आणि 1990च्या दशकाच्या मध्यापासून विरघळलेला स्फुरद पुन्हा वाढायला लागला. त्याच्या कारणांत एक असं धरलं जातं की नांगरट थांबल्यावर वरून टाकलेलं खत मातीच्या वरच्या पातळ थरातच साचून राहिलं आणि पावसाने तिथूनच विरघळून गेलं. ऑगस्ट 2014 मध्ये याच सरोवराचं पाणी पिणाऱ्या टोलेडो शहर आणि आसपासच्या चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका असं सांगावं लागलं, कारण शेवाळाचं विष उकळल्याने जात नाही. धूप थांबवण्याचा नियम चूक नव्हता. त्याच्या जोडीला खत मातीआड करण्याचा नियम हवा होता.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: नत्र आणि स्फुरद वेगळे धरा, साठवण आधी सोडवा, वेळ आणि जागा यांचे नियम करा, किलोंची मर्यादा टोकाच्या वापरासाठी ठेवा, हिशेब ठेवायला लावा पण दोन बाजूंनी ताडा.

यातलं परिस्थितीवर किती अवलंबून आहे, तेही सांगायला हवं. मोजके मोठे गोठे असतील तर परवाना आणि तपासणी जमते. लाखो लहान शेतं असतील तर प्रत्येकाच्या बांधावर तपासनीस उभा करणं अशक्य आहे, आणि दंडाची भाषा तिथे फक्त चिरीमिरीचा धंदा वाढवते. तिथे मी शेतापेक्षा पोत्याकडे वळेन: खताचा प्रकार, त्याचं अनुदान, दुकानातून मिळणारा सल्ला. भारताने 2015 मध्ये सगळ्या युरियाला नत्र हळूहळू सुटावं म्हणून कडुनिंबाचा लेप सक्तीचा केला, तो याच जातीचा नियम. एकेका शेतकऱ्याला गाठावं लागलं नाही. त्याने गळती आपोआप थांबते असा दावा मी करणार नाही, पण अंमलबजावणी कुठे करायची याचं उदाहरण म्हणून ते चांगलं आहे. रेताड जमीन, उथळ भूजल आणि भरपूर सिंचन जिथे एकत्र आलंय तिथे मात्र ऐच्छिक उपायांवर मी वेळ घालवणार नाही.

सिंचनावरून आठवलं. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात प्लाट नदीच्या मध्यभागात 1987 पासून टप्प्याटप्प्याचे नियम आहेत: भूजलात नायट्रेट जितकं जास्त, तितक्या अटी जास्त. त्यांतली मला सर्वांत शहाणी वाटणारी अट म्हणजे विहिरीच्या पाण्यातलं नत्र तपासून ते खताच्या हिशेबात धरणं. विहिरीत लिटरला 50 मिलिग्राम नायट्रेट असेल आणि हंगामात 500 मिलिमीटर पाणी दिलं, तर त्या पाण्यातूनच हेक्टरी 56 किलोच्या आसपास नत्र शेतात येतं, म्हणजे 120 किलो युरियाइतकं. हा आकडा मी पहिल्यांदा शेतकऱ्यांसमोर मांडतो तेव्हा कुणीतरी हमखास म्हणतं की मग विहिरीचं बिल खतात धरा! विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा खराच आहे, आणि माझ्या अनुभवात दंडाच्या धाकापेक्षा या एका गणिताने जास्त खत वाचवलं आहे.

राहिला किती वर्षांचा प्रश्न. उथळ निचऱ्याच्या पाइपातल्या पाण्यात एकदोन हंगामांत फरक दिसू शकतो. खोल विहिरींचं तसं नाही. इंग्लंडमधल्या खडूच्या खडकातून पाणी वर्षाला साधारण मीटरभर खाली उतरतं; भूजल तीस मीटरवर असेल तर आज दिसणारं नायट्रेट एका पिढीमागच्या खताचं आहे. स्फुरदाने भरलेली माती आणि तळ्याच्या तळाचा गाळ यांतूनही तो वर्षानुवर्षं सुटत राहतो. ही मुदत नियम आणतानाच जाहीर करावी. नाहीतर पाचव्या वर्षी कुणीतरी विहिरीचा अहवाल फडकावून म्हणतो की एवढा जाच करून काय मिळालं, आणि नियम मोडीत निघतो, नेमका त्याचा परिणाम वाटेत असताना.

म्हणून मधल्या काळासाठी लवकर हलणारी मापं ठेवावी लागतात: पीक काढल्यावर मातीत उरलेलं नायट्रेट, शेताच्या हिशेबातली शिल्लक, पाइपाच्या तोंडाशी मोठ्या पावसानंतरचं पाणी. आणि नियम लागू होण्याआधीचं एक तरी पूर्ण वर्ष मोजून ठेवायला हवं. मी ज्या पहिल्या योजनेत काम केलं तिथे ते राहून गेलं होतं. आठ वर्षांनी आमच्याकडे दोन कपाटं भरून अहवाल होते, आणि ते कशाशी ताडून बघायचे हे कुणालाच सांगता येत नव्हतं.